चार फुटांची रेघ

सव्वादहाची बॅच.
मुलुंडच्या तलावाच्या दारात भिंतीवर लाल रेघ,
शेजारी ऑइलपेंटने:
चार फुटांखालील मुलांस प्रवेश नाही.
मुलांस.
हा 'स' आता फक्त पालिकेकडेच उरलाय.

शाल्मली रेघेच्या वर, वीतभर.
तिला डॉक्टरचा दाखला, दोन फोटो, टोपी, चष्मा, सगळं.
निमिष रेघेच्या खाली, बोटभर.
रोज टाचा उचलतो.
रोज बोर्डेबाई त्याच्या डोक्यावर रजिस्टर आडवं ठेवतात,
खांदे दाबून टाचा जमिनीला टेकवतात
आणि म्हणतात, "उद्या ये. रात्री भाकरी जास्त खा."

भाकरी खाऊन झाली.
दाराच्या चौकटीला लोंबकळून झालं.
बाबाचं जेल लावून केस उभे करून झाले,
बोर्डेबाईंनी रजिस्टर जरा जोरात दाबलं.

मग आम्ही दोघं जाळीबाहेर, कडप्प्याच्या बाकावर.
माझ्या एका हातात छत्री, मांडीवर तिचा टॉवेल,
डब्यात मीठ लावलेली काकडी,
जी पोहून आलेल्यालाच मिळते, असा शाल्मलीचा कायदा,
आणि पोहून आलेलं माणूस ती कुणाला देत नाही.

आत तांडेल सर, हातात लांब बांबू.
"पाय! पाय मार! सायकल नको चालवू!"
निमिष बाकावर पालथा.
पाय मारतो.
श्वास डावीकडे. तोंड आत. श्वास डावीकडे.
पावणेअकराला कडप्पा तापतो,
पोटावर तांबडा चट्टा उठतो, हा उठत नाही.
शेजारच्या बाईंनी विचारलं, याला काही होतंय का?
म्हटलं, पोहतोय.

मला नाही येत.
आजोळी विहिरीवर मामेभावांच्या पाठीला
पांगाऱ्याचे बिंडे बांधून त्यांना ढकलून द्यायचे,
मी वर बसून त्यांचे सदरे सांभाळायची.
अजून तेच करतेय, असं मनात आलं
आणि काकडीचा एक काप मी गुपचूप खाल्ला.

मे संपता संपता पाणीकपात.
दारावर कागद: तलाव पुढील सूचनेपर्यंत बंद.
पण दार उघडंच होतं.
आत दोन माणसं खराट्याने तळ घासत होती,
आणि तो आवाज चारी भिंतींवर आपटून
मोठा होऊन परत येत होता.
बोर्डेबाई पायरीवर चहा पीत बसलेल्या, रजिस्टर नाही.
निमिषकडे बघितलं त्यांनी, खालपासून वरपर्यंत.
"जा," म्हणाल्या. "आता कसली रेघ."

शिडी अर्ध्यातच संपते, हे पाणी असताना कळत नाही.
खराटेवाल्याने त्याला काखेत धरून खाली ठेवलं.
निळ्या फरशीवर केसांच्या पिना,
एका काचेचा चष्मा, काळवंडलेला रुपया.
त्याने चपला काढल्या, नीट शेजारी लावल्या,
तिसऱ्या लेनच्या काळ्या पट्टीवर पालथा झाला
आणि निघाला.
कोपरांनी, गुडघ्यांनी,
श्वास डावीकडे, तोंड आत.

शाल्मली पाच फुटांच्या खुणेपाशी थांबली,
कोरड्यात, भिंतीला हात धरून.
"पुढे खोल आहे," म्हणाली.
कुणी हसलं नाही.

मीही उतरले, सलवार गुडघ्यापर्यंत धरून,
कशाला धरली होती कोण जाणे.
उतार संपतो तिथे भिंतीवर लिहिलंय: बारा फूट.
वर, खूप वर, काठ.
काठावर बोर्डेबाईंचे पाय,
त्यांच्याही वर एक घार, जागेवरच.
मी श्वास धरून उभी आहे
हे मला बऱ्याच वेळाने कळलं.

निमिष आला. भिंतीला हात लावला.
गुडघे सोललेले, शर्ट काळा,
ओठांवर चुन्यासारखं काहीतरी.
बसला, धापा टाकल्या, खऱ्या,
आणि हात पुढे केला.

काकडी.

सगळी खाल्ली.
कुणाला दिली नाही.