कळमन्यात बंदर

झिरो माइलच्या दगडापासून
कुठलाही समुद्र लांबच.
तरी वामन पौनीकर
ग्दिनियाच्या गोदीत तीन वर्षं वेल्डिंग करून आला
तो एक खिशात घालूनच.

पहाटे चार. कळमना. संत्र्यांचा ट्रक.
पालथ्या क्रेटवर त्यानं मोबाइल ठेवला:
एक घोगरा आवाज ओढतो,
दहा घोगरे त्यावर कोसळतात,
मागं अकॉर्डियन, लोहाराच्या भात्यासारखं धापा टाकत.

"हे कोनाचं बे?"
"पोलंडच्या खलाशांचं."
"म्हंजे हमालच," श्रावण म्हणाला
आणि बरोबर कोसळण्याच्या ठोक्यावर क्रेट उचललं.

अर्थ कुणालाच ठाऊक नाही.
वामनलाही नीटसा नाही.
दोर आहे म्हणे, वारा आहे,
बंदरावर एक बाई, जी थांबली नाही.
"थांबन कायले?"
तुळसाबाई, डागी फळं निवडता निवडता.

तिसऱ्या फेरीला
जिथं ते सगळे 'हेय' म्हणतात
तिथं अख्खी टोळी ओरडली.
कुत्री उठली. अडत्या दचकला.
माझा पावतीवरचा आकडा चुकला,
सत्तावीस की सदतीस,
मोजायला म्हणून ट्रकच्या फळीवर चढलो

आणि खाली नुसता डांबरी रस्ता असताना
पाय जपून टाकला.