चोखंदळ

लँकेस्टरच्या वाचनालयात, गुरुवारी सहाला,
रेडिएटर कोमट, बाहेर चारपासूनच काळोख,
आम्ही सहा जण लॅटिन शिकतो.
मेलेली भाषा, म्हणते भाची फोनवर,
तिला उठवून तू काय बोलणार, मावशी?

मिसेस हेस्केथ ब्याऐंशीच्या. बाहीला खडू.
फळ्यावर लिहितात : एलेगान्स.
पुरुषाला, बाईला, दगडाला, एकच रूप.
मी वहीत शेजारी लिहिते : चोखंदळ.
हेही हलत नाही जागचं,
चोखंदळ मुलगा, चोखंदळ मुलगी,
चोखंदळ मांजर.

"नीटस, डौलदार, अभिरुचीचा," त्या सांगतात,
"पण हे पुढचं. आधी हा शब्द बोल लावायचा.
नको तितका नटवा, नको तितकं नाक मुरडणारा.
मग शतकं गेली, आणि त्याचं कौतुक झालं."
मग धातू उकलतात : वेचणं, निवडून बाहेर काढणं.
आणि त्याच धातूत, वाचणं.

वेचणं. वाचणं.
मात्रेच्या जागी काना, एवढंच.
मी एकटीच हसते.
कुणाला सांगणार इथे?

निपाणीला काकू परात मांडीवर घेऊन
तांदूळ निवडायची, आणि मला ऐकवायची :
पाच स्थळं मोडलीस, सहावं काय आभाळातून उतरणार?
फार निवडणाऱ्याच्या दाताखाली शेवटी खडाच.
सहावं आलंच नाही.
प्रेस्टनच्या हॉस्पिटलचं पत्र आलं.
शतकं कुठून आणू, काकू?
माझ्यापाशी सदतीस वर्षं होती फक्त.

गॉर्डन थ्रेलफॉल हात वर करतो.
सुतार होता, अंगठ्याला करवतीची जुनी खूण.
"बायकोच्या नावाचा बाक करतोय, कालव्याकाठी.
त्यावर एकच शब्द. कोरणारा अक्षरावर पैसे घेतो.
बाजारात ती एकेक नासपती दाबून बघायची,
विकणारे डोळे फिरवायचे.
दोन तास, आणि पिशवीत तीन.
हा शब्द चालेल?"

"कोणत्या अर्थानं?"

गॉर्डन अंगठा चोळत राहतो.
"दोन्ही. आणि तिनं मला निवडलं होतं,
तिथं नजर चुकली असेल तिची,
तर तेही बसतं का त्यात?"

कुणी काही बोलत नाही. रेडिएटर टकटकतो.
मिसेस हेस्केथ फळ्याकडे वळून
खडूच्या टोकानं अक्षरं मोजतात.
"सात," त्या म्हणतात. "परवडेल."

घरी येऊन ओला कोट खुर्चीवर टाकते.
इथला तांदूळ पिशवीतून निवडलेलाच येतो,
एकसारखा, धुतल्यासारखा.
तरी ताटात पसरते, दिव्याखाली सरकवते,
बोट फिरवते सावकाश, काठापासून मध्यापर्यंत.
खडा नसतो.
माहीत असतं, नसतो.
फिरवते.