क्रम बदलताना

एम-टूची केटी. दुसऱ्यांदा.
पहिल्यांदा सात मार्कांनी गेली, मग तीन.
शनिवार दुपार, कोपरखैरणे, तिसरा मजला,
वर्गात मी धरून बारा जण
आणि खिडकीत पारसिकचा डोंगर,
म्हणजे जेवढा उरलाय तेवढा.

वर्गीस मॅडम फळ्यावर काढतात
मान मुरडून बसलेला डी.
एकाच दिशेनं चाला, म्हणतात,
बाकी सगळं स्थिर धरा.
मी वहीत उतरवते: बाकी सगळं स्थिर.
परीक्षेची फी, आईचा गुडघा,
खोलीचं डिपॉझिट, विघ्नेशची सुटलेली नोकरी.
स्थिर म्हणजे काय, मॅडम?
आत्तापुरतं त्याच्याकडे बघायचं नाही.
तेवढं मला येतं.

आज दुहेरी संकलन.
वर वाकडातिकडा पृष्ठभाग, खाली जमीन,
मधलं आकारमान काढायचं.
जमिनीवर चौकोन पाडा, प्रत्येकावर खांब उभा करा,
खांब मोजा, बेरीज करा,
चौकोन बारीक बारीक करत न्या.
मला कळलं. इतकं लगेच कळलं
की पेन खाली ठेवलं.

आण्णा हेच करायचे.
तुर्भ्याच्या खाणीवर, वजनकाट्याच्या पत्र्याच्या खोलीत,
एकोणीस वर्षं.
भरला डंपर, रिकामा डंपर, वजाबाकी, पावती.
कार्बनखालच्या निळ्या प्रती घरी यायच्या,
त्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर मी पाढे लिहिले,
पुढे त्रिकोणमिती,
पुढे सीईटीची कच्ची कामं.
डोंगर गाडीगाडीनं माझ्या दप्तरात येत होता
आणि मी त्याला कागद समजत होते.

खाण बंद झाली. आता ते ऐरोलीला
एका डेटा सेंटरच्या गेटवर रजिस्टर भरतात.
आत काय साठवतात ते त्यांना ठाऊक नाही,
वजन नसतं एवढं ठाऊक आहे.

रात्री जेवताना विचारलं,
आण्णा, डोंगर एकूण किती गेला असेल?
बोंबलाचा काटा ताटाच्या कडेला ठेवत म्हणाले,
खरं वजन सांगू की पावतीवरचं?
मी हसले.
ते नाही हसले.

मग त्यांना नवं शिकलेलं सांगितलं.
आधी आडवं मोजा नाहीतर आधी उभं,
क्रम बदलला तरी उत्तर तेच येतं,
हद्दी तेवढ्या नव्यानं आखाव्या लागतात.
त्यांनी हात धुतला. बोटं एकेक करून पुसली.
कागदावर येत असेल, म्हणाले.
खाणीत वरून खाली यायचं, पायरी सोडत सोडत.
यल्लप्पाच्या ठेकेदाराला घाई होती,
त्यानं पायथ्याकडून काढायला लावलं.
पुढचं बोलले नाहीत.
पाण्याचा तांब्या झाकला, दिवा मालवायला उठले,
आणि दिव्याच्या बटणापाशी उभं राहून म्हणाले,
त्या दिवशी काट्यावर एकच गाडी आली.
वजन न करता सोडली मी.

पुढच्या शनिवारी सातवं उदाहरण: क्रम बदला.
मी आधी आकृती काढली,
त्रिकोण पेन्सिलनं तिरपा तिरपा भरला.
वाय शून्यापासून दोनपर्यंत,
एक्स तिरक्या रेघेपासून दोनपर्यंत.
आता उलट करायचं.
रेघ तीच,
इतका वेळ डावीकडची भिंत होती,
क्रम बदलल्यावर डोक्यावरचं छत झाली.
तिथं पेन्सिल थांबली जरा.
शेजारच्या रुकसारनं विचारलं, अडलं का?
नाही म्हटलं. रेघ पुन्हा गिरवली, गडद.

उत्तर आलं आठ भागिले तीन.
पुस्तकाच्या मागेही तेच.
त्यापुढे मी लिहिलं: टन.
मॅडमनी त्याभोवती लाल गोल केला,
प्रश्नचिन्ह काढलं,
मार्क मात्र कापला नाही.