मधले दिवस

ऑरोराच्या कडेला, मका कापून झालेल्या रानापलीकडे
एक इमारत आहे, तिला खिडक्या नाहीत.
आत बाजार भरतो.
हमाल नाही, तराजू नाही, कुणाचा घसा बसत नाही,
पापणीचं पातं लवायच्या आत
हजार सौदे होऊन मोडूनसुद्धा जातात.

असं मी लिहिलं होतं.
संपादक म्हणाला, सुरेख, पण नेमका आकडा घाल.
घातला.
तेव्हापासून ते वाक्य
इस्त्री केलेल्या सदऱ्यासारखं ताठ उभं आहे,
आत माणूस नाही.

मग डोरिस लुंडक्विस्टचं पत्र आलं,
बेटेव्हियाहून, निळ्या शाईत:
"नातीला शुक्रवारी संध्याकाळी चाळीस डॉलर पाठवले.
माझ्या खात्यातून तेव्हाच गेले.
तिला मिळाले मंगळवारी.
मधले दिवस ते कुठे होते?
थंडी फार होती हो."

गाडी काढून त्या इमारतीपाशी गेले.
खांबावर दोघे जण तबकडी फिरवत होते, बोटभर, परत बोटभर.
चाळीस फूट जवळ सरकता यावं म्हणून
कुणीतरी शेजारचं शेत घेतलंय म्हणे.
फाटकावरच्या लमाँटला विचारलं, आत काय चालतं?
"मला काय ठाऊक! पंखे ऐकू येतात."
आणि पगार?
"एका शुक्रवाराआड. सुट्टी आली
तर थांबायचं."

रात्री लिहायला बसले.
मराठीत हिशेब चुकता होतो
आणि हिशेब चुकतोही,
फिटणं आणि फसणं शेजारी शेजारी, एकाच उंबऱ्यावर.
इंग्रजीत ते काही केल्या बसेना.
नऊशे शब्द झाले, सहाशे खोडले.
उरलं ते एवढंच:

बाई, पैसे कुठेच नव्हते.
तुमच्या वहीतली एक ओळ खोडली गेली होती,
तिच्या वहीतली लिहायची राहिली होती,
आणि लिहिणारा
शनिवार-रविवार घरी होता.
सोमवारी त्यानं गठ्ठा सोडला.
यंत्राला हे सगळं क्षणात जमतं,
फक्त चाळीस डॉलरसाठी
अजून कुणी शेत विकत घेतलेलं नाही.

आठवड्यानं तिचं कार्ड आलं, वर लाल पक्षी.
"कळलं.
म्हणजे सोमवारी सकाळीच पाठवायचे.

ता. क. तो लिहिणारा
रविवारी काय करतो,
ते नाही सांगितलंत."