सात नंबरचा दिवा

मंगळवारी माझी फेरी.
अक्कलकोट रोडला, पत्र्याच्या गोदामामागं
अठरा खाटांचं केंद्र,
अठरा बटणं, दारांवर अठरा दिवे.

रजिस्टरात लिहिलेलं :
‘सात नंबर. लागत नाही. बल्ब गेला असेल.’

स्टुलावर चढलो. बल्ब शाबूत.
दोन आटे सैल होता फक्त.
असा कुणी आपणहून सैल होत नाही.
फिरवावा लागतो, फडक्यानं धरून,
पेटलेला असताना भाजतो म्हणून.

खाली कांचन उभी. रात्रपाळी उतरलेली,
पिशवीत डबा, डोळे चुरचुरलेले.
अठराजणांना रात्रभर ती एकटी.
मी तिच्याकडं बघितलं नाही.
‘उन्हानं होतं असं,’ म्हणालो.
मे महिन्यात सोलापुरात
हे कुणालाही पटतं.

‘सारखा लागतो हो तो,’ ती भिंतीला म्हणाली,
‘धावत जावं, तर म्हातारी गाढ झोपलेली.’

आत राजव्वा येमूल.
चाळीस वर्षं विड्या, दिवसाला हजार.
अर्धांगानं उजवी बाजू नेली,
मराठीही नेली.
उरलेत तेलुगू शब्द चार-दोन.
नीळ्ळू म्हणजे पाणी.
कांचन बार्शीची, तिला ते नुसतं कण्हणं.

डाव्या मुठीत बटण.
आणि झोपेतसुद्धा अंगठा चाललेला,
पान दाबतोय, तोंड मुडपतोय,
एक झाली, दुसरी घे.
प्रत्येक विडीला
दारावरचा दिवा लागत होता.

मी आधी मागावर होतो.
मागाला एक सोय असते :
एक धागा तुटला
की अख्खा माग जागच्या जागी थांबतो.
कापडासाठी एवढं केलंय माणसानं.

भंगारातला तसलाच एक खटका पिशवीत होता.
तो उशीला शिवला, गालापाशी.
‘राजव्वा, मान वळवा. इकडं. हां.’
तीनदा चुकली.
चौथ्यांदा वळली, आणि बाहेर उजेड पडला.
मुठीतलं बटण काढून
चादरीची एक पट्टी दिली,
अंगठ्याला त्याचं काम राहू दे.

‘नीळ्ळू,’ ती म्हणाली.
पाणी कांचननंच पाजलं,
पिशवी खांद्यावरच होती,
घाईत, थोडं उशीवर सांडून.
मी खटका पुसून परत तपासला.

पुढच्या मंगळवारी आधी स्टूल घेतलं.
आटे घट्ट.
काचेवर मात्र कुणीतरी
विडीच्या बंडलाचा गुलाबी कागद चिकटवलेला,
रात्री डोळ्यांत कमी टोचावा म्हणून.

काढावा का, थोडा वेळ तसाच उभा राहिलो.
मग खाली उतरून
व्हरांड्याच्या पार टोकाला, तिच्या खुर्चीपाशी गेलो
आणि आत हाक दिली,
‘राजव्वा, मान वळवा.’

दिसत होता.
रजिस्टरात लिहिलं : सात नंबर, चालू.