सवकास

आमची बाय जन्मापासून उजवीकडे बघते.
उजवीकडे खिडकी, खिडकीत माड, माडामागं खाडी.
तिला वाटलं असेल, जग तिकडेच आहे.
डावा कान खांद्याला टेकलेला,
खांदा काहीतरी सांगतोय
आणि ही ऐकते आहे, पुरतं ऐकल्याशिवाय उठायचं नाही म्हणून.

मानेत डावीकडे एक गाठ.
न्हाऊ घालताना आधी सुलक्षाच्या बोटाला लागली,
चिंचोक्याएवढी.
ती दिवसभर काही बोलली नाही.
शेवटची फेरी मारून मी घरी आलो
तेव्हा माझं बोट धरून तिथे ठेवलं.

शेजारच्या प्रेमावती म्हणाल्या, दृष्ट.
फेरीवरचे रोजचे मास्तर म्हणाले, आपोआप जातं.
मासळीवाली पिएदाद म्हणाली, एकच झटका दे, सरळ होते.
त्या रात्री मला झटक्याचं स्वप्न पडलं.

पणजीत पहिल्या मजल्यावर लोरेटा मिनेझिस,
फिजिओथेरपिस्ट, वय फार तर सत्तावीस.
बायेला हात लावण्याआधी
तिनं आपले तळवे चहाच्या कपावर गरम केले.
मग मला म्हणाली, तुमचे दाखवा.

दाखवले.
सोळा वर्षं रायबंदर-चोडण,
धक्क्यावर दोर फेकणारे हात,
घट्टे पडलेले, डिझेल नखांत मुरलेलं.
म्हटलं, हे नकोत, बायकोला शिकवा.
ती म्हणाली, हेच. फकत सवकास.

एक हात डाव्या खांद्यावर, नुसता ठेवलेला.
दुसरा डोक्याखाली, वाटी करून.
हनुवटी हळूहळू डावीकडे,
आणि जिथे मान 'नको' म्हणेल तिथे थांबायचं.
ढकलायचं नाही, मागेही यायचं नाही,
तीसपर्यंत मोजायचं.
रडली तर सोडायचं.
रडत्या मानेला काही शिकवता येत नाही.

हे मला माहीत होतं की!
ओला दोर खुंट्याला आवळून बसतो.
नवी पोरं टोक धरून ओढतात,
गाठ आणखी घट्ट, वर तिलाच शिव्या.
मी उलटा दोर देतो, थोडा, अजून थोडा,
आत जागा झाली की ती आपली आपण सुटायचं बघते.
सोळा वर्षं दोराला दिलं
ते पोटच्या पोरीला द्यायचं सुचलं नव्हतं.

नदीच्या मध्यावर शाळेतलं मराठी आठवलं:
सावकाश, म्हणजे अवकाशासकट.
बाईंनी फळ्यावर फोड करून दाखवली होती,
मी तेव्हा खिडकीबाहेर बघत होतो,
बहुतेक उजवीकडेच.

मग घर फिरवलं.
पाळण्यात डोकं होतं तिथे पाय,
खिडकी आता डावीकडे.
सुलक्षा तिकडूनच बोलायची, माझ्याशी भांडायचीही तिकडूनच.
जागेपणी बायेला पोटावर ठेवून
मी चटईवर तिच्यासमोर आडवा.
खुळखुळा तिला चालेना,
माझ्या किल्ल्यांचा जुडगा चालला.
दिवसातून पाच वेळा तीस.
अठ्ठाविसाला जांभई. मलाच.

सहावा आठवडा, काही नाही.
सातव्यात तिला सर्दी, सगळं बंद.
आठव्यात मी एकदा रागावलो,
तिच्यावर नव्हे, आकड्यांवर.
सुलक्षानं माझे हात काढून घेतले
आणि नारळ किसायला दिला.

नवव्यातल्या रविवारी
हात खांद्यावर, हात डोक्याखाली,
तेवीस म्हटलं आणि तळव्यातला ताण गेला.
मी फिरवत नव्हतो.
ती फिरत होती.
माझ्याकडे नाही हो,
डावीकडच्या भिंतीवर पाल होती, तिच्याकडे,
तोंड उघडं टाकून.

गाठ अजून बोटाला लागते.
लोरेटा म्हणते, वेळ घेईल, दर पंधरवड्याला या.

सुलक्षा ओल्या हातांनी दारात,
काय झालं, काय झालं विचारते आहे.
मी बोललो नाही.
तीस व्हायचे होते.
चोवीस.
पंचवीस.