अंगठा

किसुमूच्या दवाखान्यात नर्सने चिठ्ठीवर एक शब्द लिहिला
आणि ओदेरोपुढे सरकवला.
पॉझिटिव्ह.
हा शब्द त्याने पाहिलेला होता,
मुक्या-बहिऱ्यांच्या शाळेत, फळ्यावर,
हसऱ्या चेहऱ्याच्या शेजारी.
बाहेर येऊन त्याने मला अंगठा दाखवला, वर.
चांगलं निघालं. सुटलो.

चौदा महिने तो सुटलेलाच होता.

मी तेव्हा दुंगाच्या किनाऱ्यावर मासे तळायची.
मीही अंगठा दाखवला.
कढईत तिलापिया उलटा केला.
आनंदाचा म्हणून त्याला एक तुकडा जास्त दिला.

ऐकणारी माणसं म्हणतात, भिंतींना कान असतात.
आमच्या भिंतींना डोळे.
आम्हाला कुजबुजता येत नाही,
हात रस्त्याच्या पलीकडूनही वाचता येतात.
तुमची बातमी या कानाची त्या कानाला जाते,
आमची सबंध बाजार एकदम पाहतो.
म्हणून काही प्रश्न आम्ही विचारतच नाही,
किंवा विचारतो कोटाच्या आत,
छातीला चिकटून, दोन बोटांनी.

आणि दवाखान्यात दुभाषी कोण, तर आई.
मामा पेरेस, रविवारी चर्चच्या पुढच्या बाकावर बसणारी.
डॉक्टर म्हणतात, कंडोम वापरतो का, विचारा त्याला.
ती मुलाकडे वळते, खूण करते:
जेवून आलास ना?
मुलगा मान डोलावतो.
डॉक्टर लिहून घेतात: हो, नेहमी.

मंगळवारी आम्ही जेरुशाच्या शिवणाच्या दुकानात जमतो.
पडदा ओढलेला, दिवा लावलेला.
वीज गेली की आमचं वाक्य मध्येच तुटतं,
मग कुणीतरी मोबाइलचा उजेड धरतं, फक्त हातांवर,
आणि अंधारात नुसते हातच बोलत राहतात,
कुणाचे ते नीट कळत नाही.
खरे प्रश्न तेव्हाच येतात.
डास चावला तर?
एकाच ताटात जेवलो तर?
बायकोला कळू न देता गोळ्या कुठे ठेवायच्या?

त्या शब्दाला नवी खूण हवी होती.
अंगठा वर नको, यावर सगळे राजी.
ओकुमु म्हणाला, मग खाली करूया,
सरळ आहे, वाईट ते वाईट.
जेरुशाने कात्री बाजूला ठेवली.
म्हणाली, मी काय वाईट आहे?

सगळ्यांचे हात मांडीवर उतरले.
आमच्यात शांतता अशी दिसते.

मग तिनेच दाखवलं.
कोपराच्या खळग्यावर, जिथून रक्त काढतात,
दोन बोटं टेकवायची. टेकवून ठेवायची.
आहे. एवढंच.
आणि रोजची गोळी घेत राहिलीस तर
हीच बोटं हळूहळू आडवी होतात.
आहे, पण निजलाय.
ओकुमुने ती खूण तीनदा केली, तिच्याकडे न बघता.

ओदेरोला सांगायला मीच गेले.
दुसरं कोण जाणार, अंगठा मीही दाखवला होता.
त्याने चिठ्ठी खिशातून काढली,
घड्यांवर शाई उडालेली.
रडला नाही.
त्याने गालावर बोट टेकून फिरवलं.
मला वाटलं, गोड म्हणतोय, मासे म्हणतोय.
नाव होतं ते. एका मुलीचं,
गालावर खळी असलेल्या.
तिलाही त्याने दाखवला होता.
वर.

तिचं गाव मटाटूने दोन तासांवर.
तो खिडकीशी, हात मांड्यांखाली दाबून.
कंडक्टर पैसे मागत होता, ओठ हलताना मला दिसत होते,
मी दोघांचे दिले.
गाव आलं तेव्हा त्याने हात बाहेर काढले,
म्हणाला, पुन्हा एकदा दाखव.
मी दाखवली. त्याने केली.
बोटं बरोबर टेकली होती.
अंगठा कुठे ठेवायचा, ते त्याला कळेना.